कोटेशन सारखं हलतंय? टायपिंगवाल्याला फोन करण्याआधी हे वाचा



व्यवसाय सुरू करणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा हातातून जाणारा कागद कोणता? कोणी म्हणतं बिल, कोणी म्हणतं चलन. बिलाला आता सॉफ्टवेअर आहे, मोबाईल अॅप आहे, ते काम आपोआप होतं. पण कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट, दरपत्रक, अटींचं पत्र, करारनामा, हे सगळं अजूनही वर्डमध्येच बनतं. आणि तिथेच आपली गाडी अडते.

तक्रार कुठलीही घ्या, साधारण सारखीच असते. "सर, एक हेडिंग मोठं केलं तर सगळीच हेडिंगं मोठी झाली." "घरी दोन पानांत बसत होतं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तीन पानं झाली." "इंग्रजीचा फॉन्ट बदलतो, मराठीचा बदलतच नाही." मग पुढचं वाक्य ठरलेलं: "जाऊ द्या, टायपिंगवाल्याकडे देतो."

माझं मत आज मी स्पष्ट सांगणार आहे. पटलं नाही तरी शेवटपर्यंत वाचा. वर्डमधली पॅराग्राफ स्टाइल हा टायपिंगवाल्याचा विषय नाही, मालकाचा विषय आहे. हिशेब जसा मालकाला वाचता यायलाच हवा, मग अकाउंटंट कितीही चांगला असो, तसंच हे आहे. टायपिंग दुसऱ्याकडून करून घ्या, काही हरकत नाही. पण कागद बिघडला तर तो का बिघडला, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

## एवढा आग्रह कशासाठी?

काही जण म्हणतील, फॉन्ट इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळतं? नाही कोसळत. पण पैसे मात्र अडकू शकतात. कसे ते बघा.

समजा तुमचा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. एका शेडचं कोटेशन दिलं. आत लिहिलं की "काम सुरू करण्यासाठी अट क्र. ४ प्रमाणे ५० टक्के आगाऊ रक्कम द्यावी." नंतर ग्राहकाच्या सांगण्यावरून वर एक अट वाढवली. आकडे आपोआप सरकले. आगाऊ रकमेची अट झाली क्र. ५ आणि क्र. ४ वर आली वाहतुकीची अट. वरच्या मजकुरात मात्र अजून "अट क्र. ४" असंच आहे. ग्राहक भला असेल तर हसून सोडून देईल. नसेल तर वाद घालायला त्याला जागा मिळाली, आणि ती जागा तुम्हीच करून दिली.

दुसरी गोष्ट कायद्याची. एमएसएमईडी कायदा, २००६ यातलं कलम १५ सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी फार कामाचं आहे. तुम्ही माल दिला किंवा सेवा दिली, तर खरेदीदाराने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांची मुदत धरली जाते. उशीर केला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आता यात "लेखी" हा शब्द किती महत्त्वाचा आहे बघा. तुमच्या पेमेंटच्या अटी ज्या कागदावर आहेत, तो कागद नीट वाचता येतो का, त्यातले क्रमांक जुळतात का, हा नुसत्या सजावटीचा प्रश्न राहत नाही.

तिसरी गोष्ट प्रोजेक्ट रिपोर्टची. पीएमईजीपीमध्ये उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. त्याचा रिपोर्ट एका झटक्यात कधीच पूर्ण होत नाही. मशीनचं कोटेशन बदलतं, जागेचं भाडं बदलतं, बँकेचे साहेब एखादा तक्ता मागतात. प्रत्येक बदलाला जर तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हाताने पुन्हा सजावट करत बसलात, तर रात्र त्यातच जाते. आकडे तपासायला वेळच उरत नाही. आणि बँक तुमचे आकडेच बघणार आहे.

## स्टाइल म्हणजे नक्की काय?

चकली करायचा सोऱ्या सगळ्यांनी पाहिलाय. आत चकती बसवायची. चांदणीची चकती बसवली तर चकली, बारीक भोकांची बसवली तर शेव. पीठ तुमचं, आकार चकतीचा. पॅराग्राफ स्टाइल ही ती चकती आहे. मजकूर तुमचा, फॉन्ट, आकार, वरखालचं अंतर, समास हे सगळं स्टाइल ठरवते. फरक इतकाच की इथे चकती बदलली तर आधी पाडलेल्या चकल्यासुद्धा नवा आकार घेतात!

आता हाताने सजावट करणं म्हणजे काय? प्रत्येक चकली बोटांनी वळणं. चार चकल्या असतील तर जमतं. चाळीस असतील तर?

वर्डमध्ये एखादी ओळ कशी दिसेल हे साधारण तीन थरांतून ठरतं.

* सगळ्यात खाली पॅराग्राफ स्टाइल. ती पूर्ण परिच्छेदाला लागू होते.
* त्यावर कॅरेक्टर स्टाइल. ती निवडलेल्या शब्दांपुरती असते.
* सगळ्यात वर डायरेक्ट फॉरमॅटिंग. म्हणजे तुम्ही शब्द निवडून हाताने ठळक केलात, आकार १४ केलात, रंग दिलात, ते सगळं.

नियम सोपा आहे: वरचा थर खालच्या थराला झाकतो. हाताने केलेलं काम स्टाइलला जुमानत नाही. हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

## आधी दिवा लावा, मग शोधा

बिघाड शोधायचा तर आधी दिसायला हवं. वर्डमध्ये होम टॅबवर उलट्या 'पी'सारखं एक चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. लिबरऑफिस रायटर वापरत असाल तर कंट्रोल + एफ १० दाबा. आता प्रत्येक एंटर, प्रत्येक टॅब, प्रत्येक स्पेस दिसेल. ही चिन्हं छापली जात नाहीत, घाबरू नका.

लगेच दोन गोष्टी लक्षात येतील. एक, दोन परिच्छेदांत अंतर ठेवायला कोणीतरी चार-चार वेळा एंटर दाबलंय. दोन, रक्कम उजवीकडे नेण्यासाठी वीस वेळा स्पेसबार दाबलाय. हाच तो "हलणारा" कागद. फॉन्ट जरा बदलला की ही सगळी रांग सरकणार.

दुसरा दिवा म्हणजे शिफ्ट + एफ १. वर्डमध्ये ही दोन बटणं दाबली की उजवीकडे एक खिडकी उघडते. कर्सर जिथे आहे तिथे कुठली स्टाइल आहे आणि वरून हाताने काय काय चढवलंय, ते त्यात वेगवेगळं दिसतं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटण दाबावं लागतं. लिबरऑफिसमध्ये आवृत्ती ७.१ पासून 'स्टाइल इन्स्पेक्टर' हेच काम करतो.

चला, आता एकेक बिघाड घेऊ.

### १. एक हेडिंग बदललं, सगळीच बदलली

बहुतेक वेळा दोषी असतो 'ऑटोमॅटिकली अपडेट' हा पर्याय. तो चालू असेल तर तुम्ही एका ठिकाणी हाताने केलेला बदल वर्ड थेट स्टाइलमध्ये नेऊन टाकतो, आणि त्या स्टाइलची सगळी हेडिंगं बदलतात.

उपाय: होम टॅबवर त्या स्टाइलच्या नावावर राइट क्लिक, 'मॉडिफाय', आणि खालची 'ऑटोमॅटिकली अपडेट'ची खूण काढा. ओके.

खूण नसेल आणि तरी सगळा कागद बदलला, तर कोणीतरी 'नॉर्मल' स्टाइललाच हात लावलाय. वर्डमधल्या बऱ्याचशा स्टाइल नॉर्मलवर आधारलेल्या असतात. मूळ हललं की फांद्या हलणारच. म्हणून माझा सल्ला असा की नॉर्मलला हात लावू नका. तुमच्या मजकुरासाठी वेगळी स्टाइल बनवा, तिला "मजकूर" असं साधं नाव द्या आणि जे बदल करायचे ते तिच्यात करा.

### २. स्टाइल बदलली, पण काही ओळी हटून बसल्या

हा आधीच्याच्या उलट बिघाड. तुम्ही स्टाइलमध्ये आकार १२ केला, पण तीन ओळी अजून १४ वरच आहेत. कारण त्या ओळींवर वरचा थर आहे, म्हणजे डायरेक्ट फॉरमॅटिंग.

उपाय: ओळी निवडा. अक्षरांवरची सजावट काढायला कंट्रोल + स्पेसबार. परिच्छेदाचं अंतर, समास वगैरे मूळ स्टाइलवर न्यायला कंट्रोल + क्यू. लिबरऑफिसमध्ये दोन्हीसाठी कंट्रोल + एम. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल + बॅकस्लॅश.

एक सावधगिरी: यात तुम्ही मुद्दाम ठळक केलेले शब्दही साधे होतात. एकूण रक्कम, मुदत, जीएसटीची ओळ पुन्हा तपासून घ्या. आणि कागद जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर हे करूच नका. त्याचं कारण पुढे मुद्दा ५ मध्ये आहे, ते आधी वाचा.

### ३. दुसरीकडून पेस्ट केलं आणि सगळं बिघडलं

आजकाल हा प्रकार सगळ्यात जास्त. वेबसाइटवरून मशीनची माहिती उचलली, एआयकडून दोन परिच्छेद लिहून घेतले, मित्राच्या कोटेशनमधून अटी घेतल्या. प्रत्येक तुकडा आपापली सजावट घेऊन येतो. लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाने घरून आपापलं ताट आणावं तसं.

उपाय: पेस्ट करताना राइट क्लिक करा आणि 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. फक्त शब्द येतील, सजावट बाहेर राहील. मग तुमची स्टाइल लावा. गूगल डॉक्समध्ये याला 'पेस्ट विदाउट फॉरमॅटिंग' म्हणतात, कंट्रोल + शिफ्ट + व्ही.

अजून एक बारकावा. दोन फाइलींत एकाच नावाची स्टाइल असेल, समजा दोन्हीकडे 'हेडिंग १', पण रूप वेगळं, तर 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' निवडल्यावर ज्या फाइलीत पेस्ट केलं तिथलं रूप लागू होतं. म्हणून मित्राकडे निळं दिसणारं हेडिंग तुमच्याकडे काळं होतं. हा बिघाड नाही, हा नियम आहे. आणि तो तुमच्या फायद्याचाच आहे.

### ४. दोन पानांचं तीन पानं झालं

याला थोडा इतिहास आहे. वर्ड २००३ मध्ये नव्या फाइलीचा साधा मजकूर टाइम्स न्यू रोमन १२ मध्ये असायचा, परिच्छेदानंतर अंतर शून्य. २००७ मध्ये आलं कॅलिब्री ११, ओळींचं अंतर १.१५ आणि परिच्छेदानंतर १० पॉइंट. २०१३ मध्ये ते झालं १.०८ आणि ८ पॉइंट. आता जुन्या फाइलीतला 'नॉर्मल'मधला मजकूर उचलून नव्या फाइलीत टाकला, की तो नव्या फाइलीचं नॉर्मल अंगावर घेऊ शकतो. प्रत्येक परिच्छेदामागे ८-१० पॉइंट वाढले, त्यात जुने रिकामे एंटर आहेतच. झालं तिसरं पान!

उपाय: आधी रिकामे एंटर काढा. मग स्टाइलच्या 'मॉडिफाय'मध्ये जाऊन फॉरमॅट, पॅराग्राफ इथे 'स्पेसिंग'चे आकडे स्वतः ठरवा. अटींच्या यादीसाठी 'डोन्ट अॅड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल' ही खूण फार उपयोगी आहे. एकाच स्टाइलच्या ओळी जवळ राहतात, दुसरी स्टाइल आली की अंतर पडतं.

दुसरं कारण फॉन्टचं असतं. तुमच्याकडचा फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर वर्ड दुसरा फॉन्ट वापरतो आणि ओळी सरकतात. ग्राहकाला नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफच पाठवा. त्याला बदल करायचे असतील तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट फाइलीतच बसवायची सोय आहे, ती चालू करा.

### ५. मराठी मजकूर ऐकतच नाही

हा खास आपला प्रश्न. इंग्रजी व्हिडिओत कोणी सहसा सांगत नाही, म्हणून नीट वाचा.

वर्डमध्ये एका स्टाइलला फॉन्टचे वेगवेगळे कप्पे असतात. एक इंग्रजीसारख्या लिपींचा, एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा. देवनागरी या दुसऱ्या कप्प्यात येते. तुम्ही पहिल्या कप्प्यात फॉन्ट आणि आकार बदलता, इंग्रजी शब्द आणि इंग्रजी आकडे बदलतात, मराठी तिथेच. वर्ड बरोबर आहे, तुम्ही दुसऱ्याच कप्प्याला हात लावलाय.

उपाय: स्टाइलवर राइट क्लिक, 'मॉडिफाय', फॉरमॅट, फॉन्ट. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग असतो. फॉन्ट, आकार, ठळकपणा, सगळं तिथे द्या. हा भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, वर्ड बंद करून उघडा. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करा.

आता जुन्या फॉन्टची गोष्ट. श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव या घराण्यातले जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. त्यामुळे स्टाइल लावली किंवा कंट्रोल + स्पेसबार दाबलं की फॉन्ट निघतो आणि समोर येते चिन्हांची खिचडी. लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. व्हायरस वगैरे काही नाही. कंट्रोल + झेड दाबा, मजकूर परत येईल. मग त्या फाइलीची प्रत काढा, कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, जोडाक्षरं आणि विशेषतः आकडे मूळ कागदाशी ताडून बघा, आणि त्यानंतरच स्टाइल लावा. इथे घाई केली तर ₹ ८५,००० चे भलतेच काही होऊन बसतील.

### ६. हेडिंग एका पानावर, तक्ता दुसऱ्यावर

"दरांचा तपशील" हे हेडिंग पानाच्या तळाशी एकटं, आणि दर पुढच्या पानावर. लोक काय करतात? हेडिंगच्या वर एंटर मारत त्याला खाली ढकलतात. उद्या वर एक ओळ वाढली की हेडिंग पानाच्या मध्यावर लोंबकळतं.

उपाय: हेडिंगच्या स्टाइलमध्ये पॅराग्राफ, 'लाइन अँड पेज ब्रेक्स', तिथे 'कीप विथ नेक्स्ट'ला खूण करा. हेडिंग आपल्या पुढच्या ओळीला सोडून राहणार नाही. तक्त्यातली एखादी ओळ अर्धी इकडे अर्धी तिकडे तुटत असेल तर टेबल प्रॉपर्टीजमध्ये 'रो' या भागातली 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' ही खूण काढा.

### ७. अटींचे आकडे १ ऐवजी ६ पासून

वर्डला वाटतं की ही आधीचीच यादी पुढे चालू आहे. आकड्यावर राइट क्लिक करा, 'रीस्टार्ट अॅट १'. हाताने "१." टाइप करू नका, नाहीतर पुढे गोंधळ वाढतो.

आणि सुरुवातीला सांगितलेला "अट क्र. ४"चा घोळ? तिथे आकडा हाताने लिहायचा नाही. रेफरन्सेस टॅबमधून 'क्रॉस-रेफरन्स' घाला. अटी बदलल्या की कंट्रोल + ए करून एफ ९ दाबा, मजकुरातला आकडाही बदलतो. पैशाशी संबंधित अटींसाठी एवढे कष्ट घ्याच.

### ८. ओळ पुसली आणि परिच्छेदाचं रूपच बदललं

परिच्छेदाची स्टाइल त्याच्या शेवटच्या एंटरच्या चिन्हात राहते. ते चिन्ह पुसलं की दोन परिच्छेद एक होतात आणि एकाची सजावट जाते. म्हणून पुसताना ती उलट्या 'पी'ची चिन्हं चालू ठेवा. कुठे थांबायचं ते दिसतं.

## "पण सर, हे सगळं मी कशाला शिकू?"

हा प्रश्न येतो आणि तो चुकीचा नाही. तुमचा वेळ माल बनवण्यात, विकण्यात जायला हवा. मग हे का?

पहिलं म्हणणं असतं की "टायपिंगवाला आहे ना." जरूर असू द्या. त्यांच्यातले कितीतरी जण उत्तम काम करतात. पण ग्राहक रात्री नऊला म्हणाला "एक अट बदलून आत्ता पाठवा," तर दुकान बंद असतं. आणि तुम्ही त्यांच्याकडून नुसती प्रिंट किंवा पीडीएफ घेतली असेल तर तुमचाच कागद तुमच्या हातात नाही. पुढच्या वेळी काम देताना दोन गोष्टी मागा: वर्डची मूळ फाइल, युनिकोडमध्ये, आणि हेडिंगांना, मजकुराला स्टाइल लावलेली. सांगताना आवाज चढवायची गरज नाही, पण मागा. काय मागायचं हे कळण्यापुरतं तरी शिकावंच लागतं.

दुसरं म्हणणं, "मी कॅनव्हामध्ये करतो." जाहिरातीचं पत्रक, मेन्यू कार्ड, दिवाळीची ऑफर यासाठी कॅनव्हा छानच. तिथे स्टाइलच्या भानगडीत पडूही नका. पण बारा पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट, ज्यात आकडे पाच वेळा बदलणार आहेत, तो तिथे बनवणं म्हणजे शोभेच्या ताटात रोजचा स्वयंपाक करणं.

तिसरं म्हणणं, "माझं कोटेशन एकच पानाचं असतं." मग खरोखर गरज कमी आहे. मी उगाच ओझं टाकणार नाही. माझा हिशेब सोपा आहे: जो कागद एकदाच बनतो तो हाताने सजवा. जो कागद दोनपेक्षा जास्त वेळा बदलणार किंवा दर महिन्याला नव्या ग्राहकाला जाणार, त्याला स्टाइल हवीच. धंदा वाढला की एक पानाचं कोटेशन चार पानांचं होतं, आणि तेव्हा शिकायला सवड नसते.

अजून एक गोष्ट सांगतो. जुनं कोटेशन उघडायचं, नाव बदलायचं, पाठवायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यात आधीच्या ग्राहकाचं नाव किंवा त्याला दिलेला खास दर कुठेतरी राहून जातो. समोरच्याने तो वाचला की भाव तिथेच ठरला! ज्याच्या फाइलीत स्टाइल नीट आहेत, तो रिकामा टेम्प्लेट बनवू शकतो. ज्याच्या फाइलीत नाहीत, त्याला जुनीच फाइल घासूनपुसून वापरावी लागते.

## या आठवड्याचं काम

फार काही नको. एक तास काढा.

1. तुमचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कोटेशन घ्या आणि त्याची प्रत काढा. मूळ फाइलीला हात नको.
2. चिन्हं चालू करा. रिकामे एंटर आणि ढकलाढकलीचे स्पेस काढा. रक्कम उजवीकडे हवी असेल तर तक्ता वापरा.
3. पाच स्टाइल ठरवा: शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, अटी, रक्कम. प्रत्येकीत मराठीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या कप्प्यात द्या. विंडोजमधला निर्मला यूआय चालेल.
4. प्रत्येक ओळीला यातली एक स्टाइल लावा. हाताने सजावट नाही.
5. ग्राहकाचं नाव, तारीख, दर काढून टाका आणि 'सेव्ह अॅज'मध्ये 'वर्ड टेम्प्लेट' म्हणून ठेवा.

झालं का हे कसं तपासायचं? 'उपशीर्षक' स्टाइलचा रंग लाल करून बघा. सगळी उपशीर्षकं एकदम लाल झाली आणि बाकी काहीच हललं नाही, तर तुमचा कागद पक्का. एखादं काळंच राहिलं, तर तिथे कोणाचा तरी हात फिरलाय, मुद्दा क्र. २ वर जा. मग कंट्रोल + झेड.

भांडवल कमी असेल, जागा भाड्याची असेल, माणसं दोनच असतील, तरी तुमचं कोटेशन मोठ्या कंपनीच्या कोटेशनशेजारी ठेवल्यावर तितकंच स्पष्ट दिसू शकतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत; लिबरऑफिस तर फुकट मिळतं. लागतो तो एक तास, आणि "हे माझं काम नाही" हे वाक्य बाजूला ठेवण्याची तयारी.

कोटेशन करून बघा. लाल रंगाची परीक्षा पास झाली की नाही, ते नक्की कळवा. आणि अडलात तर कुठल्या क्रमांकाच्या मुद्द्यावर अडलात तेवढं लिहा, पुढच्या व्हिडिओत तोच मुद्दा स्क्रीनवर करून दाखवतो.

भेटूया. धंदा वाढू द्या, कागद सरळ राहू द्या!